निद्रेपूर्वीचा विराम : चालू प्रक्रिया गोठवण्याच्या पद्धतींचा आढावा

चालू संगणक बंद न करता निद्रावस्थेत नेता येतो आणि जागा झाल्यावर त्यावरची कामे जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू होतात, ही सोय आज इतकी सवयीची झाली आहे की तिच्यामागे किती काटेकोर व्यवस्था उभी असते याकडे सहसा लक्ष जात नाही. निद्रेचा आदेश मिळतो त्या क्षणी संगणकावर शेकडो प्रक्रिया जिवंत असतात. प्रक्रिया म्हणजे मेमरीत उतरवलेला आणि प्रत्यक्ष चालत असलेला प्रोग्रॅम. त्यांपैकी एखादी डिस्कवर लिहीत असते, एखादी नेटवर्कवरून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत असते, तर एखादी दुसऱ्या प्रक्रियेने काम संपवावे म्हणून खोळंबलेली असते. या सर्वांना कोणत्या क्रमाने, नेमके कुठे आणि कोणाच्या जबाबदारीवर थांबवायचे, हा ऑपरेटिंग सिस्टीमच्या रचनेतील एक जुना आणि अजूनही पूर्णपणे न मिटलेला प्रश्न आहे. येथे त्याचा आढावा मुख्यतः लिनक्सच्या आधारे घेतला आहे, कारण लिनक्सची आज्ञावली खुली असल्याने तिच्यातील प्रत्येक निर्णय आणि त्यामागील वाद तपासता येतो. या आढाव्यातून एक गोष्ट वारंवार समोर येते : प्रक्रियेला थांबवणे तुलनेने सोपे असते, पण दुसऱ्या कोणाला लागणारी कोणतीही वस्तू तिच्या हाती उरलेली नाही अशा जागी तिला थांबवणे फार अवघड असते.

निद्रेचे प्रकार

वैयक्तिक संगणकांतील वीजबचतीसाठी इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये एपीएम ही व्यवस्था आणली, तेव्हा निद्रेचे बरेचसे निर्णय मदरबोर्डवरील बायोसकडेच होते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकाने ती सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती दिली, आणि सूत्रांबरोबर प्रत्येक उपकरणाची स्थिती जपण्याची जबाबदारीही तिच्यावर आली. या मानकातील एस-३ अवस्थेत केवळ मेमरीचा वीजपुरवठा चालू राहतो आणि प्रोसेसरसह बहुतेक सर्व भाग बंद होतात. एस-४ अवस्थेत, म्हणजे हायबरनेशनमध्ये, मेमरीतील मजकूर डिस्कवर उतरवून संगणकाची वीज पूर्णपणे तोडली जाते. यांखेरीज लिनक्समध्ये २०१३ साली, ३.९ या आवृत्तीत, सस्पेंड टू आयडल हा तिसरा प्रकार आला. त्यात फर्मवेअरची, म्हणजे उपकरणांच्या अंतर्गत आज्ञावलीची, मदत न घेता प्रक्रिया गोठवल्या जातात, उपकरणे निजवली जातात आणि प्रोसेसर आपल्या सर्वांत खोल विश्रांतीत सोडला जातो. प्रकार कोणताही असो, लिनक्समध्ये उपकरणांना हात लावण्याआधी प्रक्रिया गोठवण्याचा टप्पा येतो. निद्रेची चाचणी पायरीपायरीने घेण्यासाठी लिनक्सने जी सोय ठेवली आहे, तिच्यातील पहिली पायरीही केवळ प्रक्रिया गोठवून पुन्हा सोडण्याचीच आहे.

थांबवण्याची कारणे

पहिले आणि सर्वांत गंभीर कारण फाइल सिस्टीमच्या सुरक्षिततेचे आहे. हायबरनेशनमध्ये प्रथम मेमरीची एक प्रतिमा तयार केली जाते आणि ती डिस्कवर लिहिता यावी म्हणून उपकरणे पुन्हा जागी केली जातात. म्हणजे प्रतिमा घेतल्यानंतर आणि वीज तुटण्याआधी संगणक काही काळ पुन्हा कार्यरत असतो. या मधल्या काळात एखाद्या प्रक्रियेने फाइलमध्ये भर घातली, तर डिस्क पुढे जाते आणि प्रतिमा मागे राहते. जागे झालेले कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, प्रतिमेतील जुन्या नोंदींवर विश्वास ठेवून डिस्कवर लिहू लागले की फाइल सिस्टीमची मोडतोड होते, आणि ती बऱ्याचदा दुरुस्त न होणारी असते. दुकानातील मालाची वार्षिक मोजणी चालू असताना मालाची आवक-जावक थांबवावी लागते, कारण एरवी वही आणि फडताळ यांचा मेळ बसत नाही. येथेही तत्त्व तेच आहे. जागे होतानाही हीच दक्षता लागते. प्रतिमा वाचण्यासाठी सुरू झालेले तात्पुरते कर्नल जुन्या कर्नलकडे ताबा देण्यापूर्वी स्वतःच्या प्रक्रिया गोठवते.

दुसरे कारण मेमरीच्या उपलब्धतेचे आहे. प्रतिमा मेमरीतच तयार होत असल्याने जवळपास निम्मी मेमरी मोकळी असावी लागते आणि ती उपकरणे निजवण्याआधी मोकळी करून घ्यावी लागते. प्रक्रिया चालू राहिल्या तर त्या मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापतील. तिसरे कारण उपकरणांचे आहे. उपकरण हाताळणाऱ्या ड्रायव्हरने आपले उपकरण निजवल्यानंतर दुसऱ्या प्रोसेसरवर चालणारी प्रक्रिया त्याच उपकरणाकडे मागणी करू लागली, तर ती मागणी कुठे ठेवायची याचा विचार प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्रपणे करावा लागेल. प्रक्रियाच गोठलेल्या असतील तर अशी मागणी येतच नाही. चौथे कारण पारदर्शकतेचे आहे : मधल्या काळात एकेक करून प्रोसेसर बंद होतात आणि उपकरणे नाहीशी होतात, हे सामान्य प्रोग्रॅमला दिसू नये, अशी अपेक्षा असते. या चार कारणांपैकी पहिली दोन हायबरनेशनपुरती आहेत, तर शेवटची दोन सर्वच प्रकारच्या निद्रेला लागू पडतात. पुढे निर्माण झालेल्या वादाचे मूळ या फरकातच आहे.

लिनक्समधील पद्धत

युनिक्स परंपरेत प्रक्रियेला थांबवण्यासाठी सिगस्टॉप नावाचा सिग्नल पूर्वीपासून उपलब्ध आहे. सिग्नल म्हणजे कर्नलने प्रक्रियेला दिलेली लहानशी सूचना. निद्रेसाठी मात्र हे साधन अपुरे पडते, कारण सिगस्टॉपने थांबलेल्या प्रक्रियेची खबर तिच्या जनक प्रक्रियेला मिळते आणि ती त्यावर काही कृती करू शकते. शिवाय वापरकर्त्याने स्वतः थांबवून ठेवलेल्या प्रक्रिया कोणत्या आणि निद्रेसाठी थांबवलेल्या कोणत्या, हे जागे होताना वेगळे ओळखता येत नाही.

म्हणून लिनक्सने फ्रीझर ही वेगळी यंत्रणा घडवली. गाबोर कुटी, पावेल माखेक आणि फ्लोरां शाबो यांच्या सॉफ्टवेअर सस्पेंड या हायबरनेशनच्या कामातून ती पुढे आली आणि नंतरच्या काळात राफाएल विसोत्स्की यांनी तिला आकार दिला. निद्रेचा आदेश आल्यावर कर्नल सर्व प्रक्रियांची यादी चाळते आणि वापरकर्त्याच्या प्रत्येक प्रक्रियेवर जणू सिग्नल आल्याची खोटी खूण ठेवते. जी प्रक्रिया वाट पाहत झोपलेली असते ती या खुणेने जागी होते आणि जी चालू असते तिला कर्नलमध्ये खेचून आणले जाते; दोन्ही प्रकारांत प्रक्रिया कर्नलमधून परत आपल्या आज्ञावलीकडे निघताना सिग्नल तपासण्याच्या ठिकाणी पोहोचते. तेथे तिला सिग्नलऐवजी गोठण्याचा आदेश आढळतो आणि ती रेफ्रिजरेटर या नावाच्या फंक्शनमध्ये शिरून तेथेच थांबते. थांबण्याची ही जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. कर्नलमधून बाहेर पडण्याच्या या सीमेवर प्रक्रियेने कर्नलमधील कोणतेही कुलूप, म्हणजे सामाईक वस्तूवरचा तात्पुरता एकाधिकार, धरून ठेवलेले नसते आणि कर्नलच्या कोणत्याही नोंदीत तिने केलेला बदल अर्धवट राहिलेला नसतो.

या टप्प्यासाठी मूळ मुदत २० सेकंदांची आहे आणि ती बदलता येते. मुदतीत एक प्रक्रिया जरी गोठली नाही, तरी संपूर्ण प्रयत्न रद्द होतो, गोठलेल्या सर्व प्रक्रिया सोडल्या जातात आणि नकार देणाऱ्या प्रक्रियेचे नाव नोंदवहीत लिहिले जाते. मध्येच संगणकाला जागे करणारी एखादी घटना घडली, तरीही माघार घेतली जाते. मेमरी कमी पडल्यास प्रक्रियांचा बळी देणारी जी यंत्रणा असते, ती वापरकर्त्याच्या प्रक्रिया गोठल्यावर बंद केली जाते, कारण गोठलेली प्रक्रिया मारली तरी ती मेमरी सोडून बाहेर पडू शकत नाही. त्यानंतरच कर्नलच्या स्वतःच्या थ्रेडची पाळी येते. थ्रेड म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा आज्ञांचा प्रवाह. कर्नलचे थ्रेड डिस्कवरील लेखन पुरे करण्यासारखी अंतर्गत कामे करतात. हा क्रम उलटा ठेवता येत नाही, कारण वापरकर्त्याची प्रक्रिया सुरक्षित जागी पोहोचण्यासाठी बऱ्याचदा याच थ्रेडनी तिचे अडलेले काम पूर्ण करावे लागते. यानंतर उपकरणे चार टप्प्यांत निजवली जातात, एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात, आणि जागे होताना हीच साखळी उलट्या क्रमाने उलगडते.

२०२२ मध्ये, ६.१ या आवृत्तीत, पीटर झैल्स्त्रा यांनी या यंत्रणेची पुनर्रचना केली. तोवर गोठणे ही प्रक्रियेवर लावलेली एक खूण होती आणि काही प्रक्रिया केवळ झोपलेल्या आहेत म्हणून गोठलेल्या मानल्या जात. त्यामुळे जागे होताना एखादी प्रक्रिया भलत्याच धक्क्याने ठरलेल्या वेळेआधी सुटण्याचा धोका होता. एआरएमच्या ज्या प्रोसेसरांत ३२ बिटी प्रोग्रॅम काही ठरावीक गाभ्यांवरच चालतात, तेथे त्या प्रोग्रॅमला लागणारा गाभा सुरू होण्याआधीच तो सुटला तर परिणाम घातक ठरतो. पुनर्रचनेनंतर गोठलेपण ही प्रक्रियेची स्वतंत्र अवस्था झाली आणि सोडण्याचा आदेश येईपर्यंत तिच्यातून बाहेर पडण्याची वाट उरली नाही.

न गोठणाऱ्या प्रक्रिया

वरील पद्धत सहकार्यावर आधारलेली आहे. प्रक्रियेने स्वतः सुरक्षित जागेपर्यंत चालत यावे लागते. जी प्रक्रिया अखंड निद्रेत, म्हणजे सिग्नलनेही न मोडणाऱ्या प्रतीक्षेत अडकलेली असते, ती असे करू शकत नाही. पोहोचेनासा झालेला एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पुरवणारा संगणक, हे याचे परिचित उदाहरण आहे : नेटवर्क तुटलेले असते, फाइल मागणारी प्रक्रिया उत्तराची वाट पाहत राहते आणि तिच्यामुळे संपूर्ण संगणकाची निद्रा अडते.

यापेक्षा अवघड पेच फ्यूजचा आहे. फ्यूजमध्ये फाइल सिस्टीम चालवण्याचे काम कर्नलऐवजी वापरकर्त्याची एक सामान्य प्रक्रिया करते. ती सेवक प्रक्रिया आधी गोठली आणि तिच्याकडे फाइल मागणारी दुसरी प्रक्रिया अजून उत्तराच्या प्रतीक्षेत असली, तर दुसरी कधीच गोठू शकत नाही, कारण तिला सोडवणारा आधीच थांबलेला असतो. कर्नलला या दोघींमधील नाते ठाऊक नसते आणि गोठवण्याचा क्रम ठरवण्यासाठी त्याच्याकडे आधार नसतो. व्हीफोर्क या पद्धतीने नवी प्रक्रिया निर्माण होते तेव्हाही असेच घडते. जनक प्रक्रिया अपत्याची वाट पाहत असते आणि अपत्य गोठलेले असते; येथे मात्र नाते कर्नलला माहीत असल्याने अशा प्रतीक्षेलाच सुरक्षित मानून मार्ग काढण्यात आला. फर्मवेअरचा प्रश्नही याच जातीचा होता. काही उपकरणांना जागे होताना डिस्कवरून आपले फर्मवेअर वाचावे लागते आणि ते पुरवणारा प्रोग्रॅम त्या वेळी गोठलेला असतो. म्हणून २०१२ पासून लिनक्समध्ये असे फर्मवेअर निद्रेपूर्वीच मेमरीत साठवून ठेवले जाऊ लागले. या सर्व उदाहरणांत दोष एखाद्या प्रक्रियेचा नसून दोन प्रक्रियांमधल्या अवलंबित्वाचा आहे, आणि फ्रीझरच्या इतिहासातील बहुतेक दुरुस्त्या म्हणजे अशा एकेका अवलंबित्वाचा शोध आहे.

कर्नल थ्रेडचा वाद

२००७ च्या सुमारास लिनक्सच्या विकासकांत या यंत्रणेच्या गरजेवरच गंभीर वाद झाला. मेमरीवरील निद्रेत, म्हणजे एस-३ अवस्थेत, प्रतिमा घेतली जात नाही, त्यामुळे फाइल सिस्टीमचे कारण तेथे लागू पडत नाही; मग कर्नलचे स्वतःचे थ्रेड गोठवण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप लिनस टोरवाल्ड्स यांनी ठामपणे मांडला. पॉवरपीसी प्रोसेसरच्या अ‍ॅपल लॅपटॉपांवर लिनक्सची निद्रा प्रक्रिया न गोठवताही चालत असे, हा अनुभवही विरोधकांच्या बाजूने होता. समर्थकांचे म्हणणे असे होते की गोठवणे काढून टाकले तर निद्रेच्या काळात येणाऱ्या मागण्या अडवण्याची जबाबदारी शेकडो ड्रायव्हरांवर पडेल आणि त्यांपैकी कितींनी ती नीट पेलली हे तपासणे अशक्य होईल. त्याच वर्षी २.६.२३ या आवृत्तीत मध्यममार्ग निघाला : वापरकर्त्याच्या प्रक्रिया गोठवणे कायम राहिले, पण कर्नलचा थ्रेड आता स्वतःहून तयारी दाखवील तेव्हाच गोठतो.

या तडजोडीतून पुढची दिशाही स्पष्ट झाली. फाइल सिस्टीम सुरक्षित ठेवायची असेल, तर तिच्यासाठी काम करणारे थ्रेड एकेक करून गोठवण्यापेक्षा फाइल सिस्टीमच गोठवणे, म्हणजे प्रलंबित लेखन पुरे करून नवे लेखन रोखून धरणे, अधिक सरळ आहे. बॅकअपसाठी ही सोय लिनक्समध्ये पूर्वीपासून होती. निद्रेशी तिला जोडण्याचा आग्रह लुईस चेंबरलेन यांनी धरला आणि अलीकडे क्रिस्टियन ब्राउनर यांच्या कामामुळे ती जोडणी कर्नलमध्ये आली आहे.

इतर ऑपरेटिंग सिस्टीमचे मार्ग

विंडोजने प्रोग्रॅमला आगाऊ सूचना देण्यावर भर दिला. व्हिस्टापूर्वीच्या आवृत्त्यांत प्रोग्रॅमला निद्रेची परवानगी विचारली जाई आणि तो ती नाकारूही शकत असे. त्यामुळे एका हटवादी प्रोग्रॅमपायी लॅपटॉप बॅगेतच जागा राहून बॅटरी संपवण्याची शक्यता असे. व्हिस्टापासून हा नकाराधिकार काढून घेण्यात आला, सूचना तेवढी उरली आणि तिच्यावर कार्यवाही करायला प्रोग्रॅमला सुमारे २ सेकंद मिळू लागले. उपकरणांच्या बाबतीत विंडोजची अपेक्षा अशी की ड्रायव्हरने निद्राकाळात आलेल्या मागण्या रांगेत धरून ठेवाव्यात. २०१२ मधील विंडोज ८ पासून स्टोअरमधील अ‍ॅप पडद्याआड गेल्यावर थांबवण्याची पद्धत आली, तर कनेक्टेड स्टँडबाय या नव्या निद्रेत डेस्कटॉपवरील प्रोग्रॅम थांबवण्यासाठी डेस्कटॉप अ‍ॅक्टिव्हिटी मॉडरेटर हा वेगळा घटक नेमण्यात आला.

मॅकओएसमध्ये संवादाला अधिक वाव आहे. संगणक आपणहून झोपणार असेल तेव्हा नोंदणी केलेल्या प्रोग्रॅमला विचारले जाते आणि तो नकार देऊ शकतो. झाकण मिटल्यावर किंवा वापरकर्त्याने आदेश दिल्यावर मात्र केवळ सूचना दिली जाते आणि उत्तरासाठी ३० सेकंदांपर्यंत थांबले जाते. फ्रीबीएसडीने लिनक्सप्रमाणे निद्रेपूर्वी वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया थांबवण्याचा मार्ग स्वीकारला. ओपनबीएसडीचा भर वेगळ्या ठिकाणी आहे : तेथे फाइल सिस्टीमवरील कामे रोखली जातात, डिस्ककडे गेलेल्या मागण्यांची रांग रिकामी होऊ दिली जाते आणि दुय्यम प्रोसेसर थांबवले जातात. लिनक्समधील फाइल सिस्टीम गोठवण्याचा नवा प्रवाह याच विचाराच्या जवळ जातो.

याहून वेगळे टोक आभासी संगणकांचे आहे. हायपरव्हायजर, म्हणजे आभासी संगणक चालवणारा कार्यक्रम, आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला न विचारता तिला कोणत्याही आज्ञेवर थांबवू शकतो. तेथे सुरक्षित जागेचा प्रश्न येत नाही, कारण प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणे यांची सगळी स्थिती बाहेरून एकत्र हाती लागते. प्रत्यक्ष संगणकावर मात्र थांबवणारा आणि थांबणारा एकाच चौकटीत असतात, आणि सहकार्याची गरज या मर्यादेतून निर्माण होते.

संपूर्ण संगणकाकडून गटाकडे

एकदा यंत्रणा उपलब्ध झाल्यावर तिचा उपयोग निद्रेपुरता राहिला नाही. २००८ मध्ये २.६.२८ या आवृत्तीत प्रक्रियांचा निवडक गट गोठवण्याची सोय सीग्रुप या गटव्यवस्थेत आली. तिच्या पहिल्या रूपात गोठलेली प्रक्रिया मारताही येत नसे, ही मोठी अडचण होती. २०१९ मध्ये ५.२ या आवृत्तीत रोमन गुश्चिन यांनी आणलेल्या दुसऱ्या रूपात ती दूर झाली. कंटेनरची, म्हणजे इतरांपासून वेगळ्या राखलेल्या प्रक्रियागटाची, स्थिती जतन करून तो दुसऱ्या यंत्रावर चालू करणे गट गोठवण्याच्या या सोयीमुळे सुलभ झाले.

अँड्रॉइडवर या विषयाला वेगळी धार आली, कारण फोन संधी मिळेल तेव्हा झोपतो आणि त्यामुळे प्रक्रिया वारंवार गोठतात व सुटतात. अशा वेळी निद्रेचा निर्णय आणि नुकताच आलेला संदेश यांच्यात शर्यत लागते. ती सोडवण्यासाठी अँड्रॉइडने आणलेल्या वेकलॉक या निद्रा रोखून धरणाऱ्या सोयीवरून लिनक्सच्या विकासकांत दीर्घ वाद झाला आणि २०१२ मध्ये ३.५ या आवृत्तीत त्याच उद्देशाची पर्यायी सोय कर्नलमध्ये स्थिरावली. अँड्रॉइड ११ पासून फोन जागा असतानाही मागे पडलेली अ‍ॅप गोठवली जाऊ लागली. तेथे जुनाच पेच नव्या रूपात उभा राहिला, कारण अँड्रॉइडमधील अ‍ॅप बाइंडर या मार्गाने एकमेकांकडे कामे सोपवतात. म्हणून गोठवण्याआधी त्या अ‍ॅपचे चालू व्यवहार संपले आहेत की नाहीत याची बाइंडरकडून खात्री करून घ्यावी लागते.

डेस्कटॉप लिनक्सवर सिस्टीमडी ही व्यवस्था निद्रेपूर्वी इच्छुक प्रोग्रॅमला थोडा अवधी मागू देते. जून २०२४ मधील तिच्या २५६ व्या आवृत्तीपासून निद्रेआधी वापरकर्त्याची संपूर्ण सत्रे सीग्रुपद्वारे गोठवली जाऊ लागली. म्हणजे एका गोठवण्याच्या आत दुसरे गोठवणे आले, आणि दोन्हींचा क्रम जुळवण्याची नवी जबाबदारी निर्माण झाली.

काळाची जाणीव

प्रक्रियेला आपली निद्रा कळू नये, ही अपेक्षा काळाच्या बाबतीत पूर्णपणे पाळता येत नाही. लिनक्समधील एकदिश घड्याळ निद्रेचा काळ मोजत नाही. तो मोजणारे बूटटाइम हे वेगळे घड्याळ २०११ मध्ये आले. २०१८ मध्ये दोन्ही घड्याळे एकरूप करण्याचा प्रयत्न झाला, पण जुन्या घड्याळाच्या वर्तनावर विसंबलेले प्रोग्रॅम बिघडू लागल्याने तो मागे घ्यावा लागला. दुसऱ्या टोकाला असलेला सर्व्हर तर झोपलेला नसतोच, त्यामुळे जागे झाल्यावर जोडणी तुटलेली आढळणे अटळ आहे. संगणकाच्या आतील स्थिती गोठवता येते, बाहेरचे जग येत नाही, आणि म्हणून तुटलेली जोडणी पुन्हा साधण्याचे काम शेवटी प्रोग्रॅमकडेच राहते.

उपसंहार

या सर्व पद्धती शेजारी ठेवल्या तर त्यांच्यातील फरक मूलतः विश्वासाच्या वाटणीचा आहे, असे दिसते. विंडोजने ड्रायव्हरवर, मॅकओएसने सूचना मिळालेल्या प्रोग्रॅमवर, ओपनबीएसडीने फाइल सिस्टीम आणि डिस्कच्या सीमेवर, तर लिनक्सने एका सर्वंकष विरामावर विश्वास टाकला. लिनक्सचा मार्ग ढोबळ आहे. एका अडलेल्या प्रक्रियेपायी तो संपूर्ण निद्रा रद्द करतो, आणि हा त्याचा दोष म्हणून वारंवार दाखवला जातो. पण ही माघार वापरकर्त्याच्या बाजूची आहे, कारण न झोपलेल्या संगणकाची बॅटरी पुन्हा भरता येते, तर बिघडलेल्या फाइल सिस्टीममधील मजकूर परत मिळेलच असे नसते. कर्नलच्या थ्रेडपुरते गोठवणे आकुंचन पावत जाणे आणि त्याची जागा फाइल सिस्टीमसारख्या संसाधनाच्या सीमेवरील नियंत्रणाने घेणे, ही दिशा योग्य आहे. वापरकर्त्याच्या प्रक्रियांसाठी मात्र सर्वंकष विराम टिकवणेच हिताचे आहे, कारण प्रत्येक ड्रायव्हर निर्दोष असल्याचे सिद्ध करता येत नाही आणि तोवर प्रत्येकाचे रक्षण करणारी एकच सामाईक सीमा हाच सर्वांत तपासण्याजोगा उपाय ठरतो. त्या सीमेचे यश मात्र यापुढेही एकाच गोष्टीवर अवलंबून राहील : कोणती प्रक्रिया कोणासाठी खोळंबली आहे, हे कर्नलला किती अचूकपणे सांगता येते. फ्यूजने उभा केलेला पेच या दृष्टीने पुढील कामाचा खरा विषय आहे, आणि तो सोडवण्यासाठी प्रक्रियांमधली नाती नोंदवण्याची भाषा आधी घडवावी लागेल.